हाक मारणारं झबलं

पन्नाशी ओलांडली तरी माझं नाव बेबी आहे. कागदोपत्री वैजयंता, पण ते नाव फक्त बँकेला आणि मतदारयादीला ठाऊक. तासगावात रिक्षात बसून 'बेबीताईंचं ड्रायव्हिंग स्कूल' एवढं म्हटलं की आताच्या बिनचालकाच्या रिक्षासुद्धा बरोबर दारात आणून सोडतात. या नावाचा मला जन्मात कधी त्रास झाला नव्हता. तो झाला मिरजेच्या एका हॉस्पिटलात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागाबाहेर.

"बेबीचं वजन करून घ्या गं," आतून सिस्टर सलोमी कुणाला तरी म्हणाली.

"माझं कशाला?" मी बाहेरून ओरडले.

शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेली केतकी, म्हणजे माझी भावजय, फस्सकन हसली. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदाच. टाके दुखले म्हणून तिनं पोट धरलं आणि मग तशीच, पोट धरूनच, रडायला लागली.

आत काचेच्या पेटीत तिची जुळी होती. एक मुलगा, एक मुलगी. यायचं होतं दिवाळीनंतर, आली गणपतीच्या आधी. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरांचा नकाशा दिसावा. मुलीचा अख्खा पंजा माझ्या अंगठ्याच्या नखावर मावला असता. दोघांना कावीळ, म्हणून वर निळा दिवा. दूध नळीतून. आणि औषध काय, तर कॉफीतलं कॅफिन! श्वासाला तरतरी यावी म्हणून देतात म्हणे. मला दहावीपर्यंत चहा मिळाला नव्हता आमच्या घरात, आणि ही दोघं जन्मल्या जन्मल्या कॉफीवर.

"आक्का, किती नळ्या आहेत बघ," माझा भाऊ हृषीकेश म्हणाला. तो बाळांकडे बघतच नव्हता. त्याची नजर पेटीवरच्या पडद्याला चिकटली होती. हिरवी रेघ वर गेली की तो श्वास घ्यायचा, खाली आली की सोडायचा.

दोघांच्या अंगात मऊ, पांढरी झबली होती. साधी झबली नव्हेत ती. हा सगळा प्रकार त्या झबल्यांचा आहे, म्हणून आधी ते सांगते. मला ते डॉक्टर निलोफर मुजावर यांनी समजावलं, आणि त्यांनी समजावलं की कुणालाही समजतं.

"श्वास घ्यायला आपल्याला कुणी शिकवत नाही, बेबीताई," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या देठाशी एक एवढीशी जागा असते, ती हे काम बघते. पोटात असताना तिला काम नसतं, कारण सगळं आईच्या रक्तातून मिळतं. शेवटच्या महिन्यांत ती जागा तयार होते. ही दोघं त्याच्या आधीच बाहेर आली. त्यामुळे श्वास घेतात, घेतात, आणि मध्येच विसरतात."

"विसरतात?"

"आपण गॅसवर दूध ठेवून विसरतो ना, तसं. मग सिस्टर तळपायाला टिचकी मारते आणि त्यांना आठवतं. पूर्वी श्वास थांबायचा, घंटी वाजायची, मग आम्ही धावायचो. तेवढ्या वेळात मेंदूला प्राणवायू कमी पडायचा. या झबल्याला ते आधीच कळतं."

झबल्याच्या विणीत केसाहून बारीक धागे होते. बरगडी किती उचलली, काळजाचे ठोके कसे पडतायत, कातडीखालचं रक्त किती लाल, हे ते धागे सतत चाचपत. निरोगी काळीज म्हणे घड्याळासारखं टकटक करत नाही. जरा मागंपुढं, लहर लागेल तसं चालतं. श्वास विसरण्याच्या थोडं आधी ही लहर जाते, ठोके शहाण्या मुलासारखे सरळ पडायला लागतात. झबलं तेवढ्यावरून ओळखतं, की बाळ आता विसरणार. पडद्यावर पिवळा रंग येतो. आणि झबलं हाक मारतं.

"हाक म्हणजे?"

"आईच्या आवाजातली. पण कानाशी नाही, बरगडीवर. पोटात असताना आवाज हाडांतून, पाण्यातून यायचा. ऐकू यायच्या आधी जाणवायचा. झबलं तसाच थरथर करत आवाज देतं."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हणजे हा माझा ब्रेक!"

"तुमचा?"

मग मी समजावलं. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारीनं चूक करायच्या आधी, नुसत्या तिच्या खांद्यावरून, आपल्याला कळतं. गाड्या आपण होऊन चालायला लागल्या तेव्हा सगळे म्हणाले, बेबी, आता तुझं स्कूल बंद पडणार. पडलं नाही. तासगावच्या बायकांना चालणाऱ्या गाडीत बसायचं नव्हतंच कधी. त्यांना चालवायची होती. सगळं आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं माझं.

"आणि ब्रेकवरून पाय कधी काढता?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिला न सांगता."

डॉक्टर इतक्या हसल्या की त्यांचा मास्क खाली आला. "झबलंही तेच करतं. रोज हाक जराशी उशिरा, जराशी हळू. एक दिवस मारतच नाही."

केतकीचा आवाज त्याच दिवशी झबल्यांत भरला. ती पेटीशी वाकून म्हणाली, "बाळा... ए बाळा..." शेवटी एक छान हेलकावा. आम्ही सगळे पडद्याकडे डोळे लावून बसलो. दुपारी मुलाची रेघ पिवळी झाली. झबलं थरथरलं, "बाळा... ए बाळा..." आणि त्या एवढ्याशा छातीनं जरा विचार केला, आणि उचलली! हिरवी! कुणी टिचकी मारली नाही, कुणी धावलं नाही. हृषी उडीच मारणार होता, सलोमीनं त्याला दंडाला धरून खाली बसवलं. "बारसं नाही हे, पप्पा. शांत."

पहिले काही दिवस आम्ही नुसते त्या आनंदावर जगलो.

मग मुलगी हाक ऐकेनाशी झाली.

मुलाचं झबलं हाक मारी आणि तो ऐके. मुलीचं झबलं हाक मारी आणि ती पडून राही. पिवळी रेघ केशरी होई, केशरीची लाल, शेवटी सलोमीची टिचकी. मग टिचकीही पुरेना, तिला पिशवीनं हवा द्यावी लागली. तिची छाती पिसासारखी वर आली तेव्हा केतकीनं माझा हात धरला होता. तिची नखं आठवडाभर उमटून होती माझ्या मनगटावर.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं.

"यंत्र बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मुलगी हुशार आहे, हीच अडचण आहे. दोघं एका पेटीत झोपतात. मुलगा जास्त वेळा विसरतो, त्याचं झबलं सारखं 'बाळा' म्हणतं. हिला ते शेजारून ऐकू येतं. शेजारणीचा कुकर शिट्ट्या मारतोय म्हणून आपण गॅस बंद करायला उठतो का? हिनं ठरवलंय, ही हाक भावाची आहे."

"मग वेगळ्या पेट्यांत ठेवा."

"काल ठेवून बघितलं. दोघांचेही ठोके बिघडले. एकमेकांची सवय आहे त्यांना, पोटातली."

"मी दुसरं काहीतरी म्हणते," केतकी म्हणाली. तिनं 'छकुली' म्हणून बघितलं, 'सोनू' म्हणून बघितलं. गळा तोच, हेलकावा तोच. मुलीनं एकदोनदा मान दिला आणि मग तेही भावाच्या खात्यात टाकलं. हृषीनं हाक मारून बघितली. त्याचा आवाज खर्जातला, झबल्याच्या धाग्यांना तो पेलेना, नुसतं घरघर वाजलं.

"तिची स्वतःची, वेगळ्या घडणीची हाक पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीचे आईबाप नाव वापरतात. तुम्ही अजून नाव का नाही ठेवलं?"

केतकी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"हे लवकर जमलं नाही तर तिला जन्मली तेव्हासारखं परत व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आणि तिची फुप्फुसं आधीच थकलीत. यावेळी ती त्यावरून सुटेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

नाव का नाही, ते मला माहीत होतं. या दोघांच्या आधी एकदा केतकीला दिवस गेले होते. तेव्हा तिनं हौसेनं पाचव्या महिन्यातच नाव ठरवलं, खोलीच्या भिंतीवर स्वतः रंगवलं, वेलबुट्टी काढली. ते बाळ आलंच नाही. भिंत हृषीनं नंतर दोनदा रंगवली, तरी सकाळचं ऊन तिरपं पडलं की अक्षरं वर यायची. शेवटी त्यांनी कपाट सरकवून तिथं लावलं.

मी केतकीला कँटीनमध्ये नेलं. तिच्यापुढे शिरा ठेवला. तिनं तो चमच्यानं सपाट केला, गिलावा केल्यासारखा.

"केतकी, नाव ठेवू या."

"घरी आल्यावर. बारशाला. घरी आल्याशिवाय नाही."

"अगं, नाव नाही म्हणून घरी येत नाहीये ती."

"ताई, मी नाव घेतलं ना, की ते..." तिनं वाक्य सोडून दिलं. "माझ्या तोंडून नाही निघणार."

"तुझ्या तोंडून कोण म्हणतंय? नाव आत्या ठेवते. हा माझा हक्क आहे, आणि मी तो सोडणार नाही. तुमच्या लग्नात मानाची साडी सोडली मी, आठवतं ना?"

"सोडली नव्हती. रंग बदलून मागितली होती."

"तेच ते."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग ती म्हणाली, "ठेवा. पण मी नाव घेणार नाही. माझ्यापुढे तुम्हीही घ्यायचं नाही. आणि मी आत येणार नाही."

"चालेल," मी म्हणाले, आणि तिचा शिरा खाऊन टाकला. मला उत्साह चढला की भूक लागते.

आता बारशाची पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आत्यानं बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करायचं आणि नाव सांगायचं. नाव तोंडातून निघतं न निघतं तोच मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. का, ते कुणीच सांगू शकत नाही. माझा अंदाज असा, की नणंदेला झोडायची बायकांना आयुष्यात मिळणारी ही एकमेव अधिकृत संधी असावी.

"धपाटे चालणार नाहीत," डॉक्टर निलोफरनी बजावलं. "आवाज स्वच्छ पाहिजे. कुर्र चालेल. उलट चांगलंच, त्यातली थरथर बरगडीला नीट कळेल. पण मारामारी नको."

"छे हो," मी आणि सलोमी एका सुरात म्हणालो.

दुपारची वेळ होती. मी कोपरापर्यंत हात धुतले, टोपी घातली, मास्क लावला. पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट मुलीच्या पंजाशी नेलं, आणि तिनं ते धरलं. धरलं म्हणजे काय, पाकोळी बसावी तसं. काचेपलीकडे हृषी होता. त्याच्या मागं भिंतीकडे तोंड करून केतकी.

"बोला," डॉक्टर म्हणाल्या आणि बटण दाबलं.

मी तोंड खिडकीजवळ नेलं. "कुर्रर्रर्र..." जीभ टाळूला लावून मस्त फिरवली. मुलीच्या भुवया हलल्या. "रे..."

धप्प!

"आई गं!"

अर्धं नाव तोंडात ठेवून उठणं बरं नव्हे, म्हणून मी उरलेलं सोडलं. "...वा!"

मी मागं वळले. सलोमी स्वतःच्या हाताकडे असं बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"आपोआप गेला, मॅडम," ती डॉक्टरांना म्हणाली. "आमच्या गल्लीतली एक आत्या सोडलेली नाही मी. कुर्र ऐकलं की हात राहतच नाही."

"पुसते हे, आणि पुन्हा..." डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांचं बोट बटणापर्यंत पोहोचायच्या आधीच रेघ पिवळी झाली. जुन्या हाका पुसल्यामुळे त्या झबल्यात तेवढी एकच हाक होती. झबल्यानं ती मारली.

"कुर्रर्रर्र... रे... धप्प... आई गं... वा!"

छाती उचलली. नुसती उचलली नाही. मुलीनं डोळे उघडले, दोन्ही हात फेकले, आणि पायानं भावाला लाथ घातली. हिरवी! गच्च हिरवी! मी सलोमीला मिठी मारली, सलोमीनं डॉक्टरांना, आणि काचेपलीकडे हृषी कपाळ टेकवून हसत होता की रडत होता, ते वाफेनं दिसेना.

डॉक्टर शास्त्राचं माणूस. त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडून स्वच्छ, विनाधपाटा 'रेवा' भरून घेतलं आणि दोन्ही हाका आलटून पालटून लावून बघितल्या. स्वच्छ हाक बरी चाले. फुटकी हाक झकास चाले.

"मेंदूला पुढचा अंदाज बांधायची खोड असते," त्यांनी सांगितलं. "अंदाज बरोबर आला की तो लक्ष काढून घेतो. फसला की दचकून जागा होतो. सूर चढत असताना मध्येच धप्प, मग किंकाळी, आणि सगळं संपलं असं वाटतंय तोवर 'वा'. एवढ्याशा हाकेत हिचा मेंदू तीनदा फसतो. तुमच्या पाठीचे उपकार आहेत, बेबीताई."

"आणि याचीही सवय झाली तर?"

"होईलच. पण तोवर ती जागा पक्की झालेली असेल. आपल्याला तेवढाच वेळ काढायचाय."

विभागातल्या सगळ्या आया आता मला ओळखायच्या. "त्या बघा, आईगंवाल्या." मुलीचं वजन वाढू लागलं. निळा दिवा गेला. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांनी डोळे चांगले सांगितले. नळीऐवजी वाटी-चमच्यानं दूध सुरू झालं. मला वाटलं, झालं! आता काय!

पण मी एक विसरले होते. कांगारूसारखं बाळ छातीशी धरायची वेळ झाली की केतकी मुलीला उघड्या छातीवर घ्यायची. वरून दुपटं. दोघींचे श्वास एक होत. आणि मध्येच, दोघींच्या मधून, मी ओरडायचे. आई गं!

एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर केतकी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे वाचलंत का, वन्सं?"

एरवी मी तिची ताई. वन्सं झाले की समजायचं, वारं फिरलं.

पडद्यावर नवा तक्ता होता. झबल्यानं आपणहून काढलेला: कोणत्या आवाजाला बाळ किती प्रतिसाद देतं. आत्या: लांबलचक हिरवी पट्टी. आई: खाली एक बोटभर तुकडा.

"माझी मुलगी माझ्या छातीवर आहे, दूध माझं पितेय, आणि जागी तुमच्यासाठी होतेय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"अगं, ती मला नाही, धपाट्याला जागी होतेय."

"पट्टीवर तसं लिहिलेलं नाही."

मूल कुणाकडे झेपावतं हे प्रत्येक घरात सगळ्यांना दिसत असतं. पण त्याची कुणी पट्टी काढून भिंतीवर लावत नाही, म्हणून घरं चालतात. मी डॉक्टरांना सांगून तो तक्ता बंद करून घेतला. पण एकदा वाचलेलं परत न वाचलेलं होत नाही.

वर डॉक्टरांनी पुढची पायरी सांगितली. "आता झबलं काढून बघायचं. सकाळभर. पडदा पायाला लावलेल्या पट्टीवर चालू राहील, हाक बंद. ती आपली आपण तगली, तर घरी. मध्ये थांबली, तर खोलीतल्या माणसानं हाक मारायची. पण घरी ते माणूस आत्या नसणार, केतकी. तू असणार. तिच्या हाकेनं तिला तू जागं केलेलं मला बघायचंय."

"म्हणजे नाव घेऊन," केतकी म्हणाली.

"नाव घेऊन."

"घरी आल्यावर घेईन."

"घ्यायला लागशील तेव्हा घरी येईल."

गाठ पुन्हा तिथंच. मी त्याच दिवशी तासगावला परत गेले. भांडून नव्हे. मी शेजारच्या सीटवर असले की शिकणारी माझ्या पायावर भिस्त ठेवते, हे मला माहीत आहे. जाताना केतकीला म्हणाले, "तिच्याशी बोलत राहा. नाव नको घेऊस, पण त्याच्या आसपास कुठंतरी फिरत राहा."

ती दुपट्याची घडी घालत राहिली. पण माझ्या पिशवीत तिनं गुपचूप चिवड्याची पुडी टाकली होती.

तासगावात एक नवी शिकाऊ मला चौकातून नेत होती. समोरून बैलगाडी. माझा पाय ब्रेकच्या वर बोटभर अंतरावर होता. नाही दाबला. तिनं दाबला. उशिरा, पण दाबला. बैलानं आमच्याकडे तुच्छतेनं बघितलं.

चाचणीच्या दिवशी मला बोलावणं आलं. हृषीचा फोन. "आक्का, केतकी म्हणतेय तू असावंस."

"हाक मारायला?"

"नाही. म्हणाली, नुसतं शेजारी बसायला."

सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. सलोमीनं दोघांची झबली उतरवली आणि बाजूच्या ट्रेमध्ये ठेवली. पहिल्यांदाच मी त्यांची उघडी पोटं बघितली. आता त्यांना पोटं होती! मुलानं उचकी देऊन सुरुवात केली आणि गाढ झोपला. मुलगी आढ्याकडे बघत होती. केतकी पेटीशी, मी तिच्या शेजारच्या स्टुलावर, हृषी मागं. त्यानं यावेळी पडद्याकडे पाठ केली होती आणि बाळांकडे बघत होता, हे मी टिपून ठेवलं.

हिरवी. हिरवी. सलोमीनं चहा आणून दिला, तो गार झाला. हिरवी. मुलीचे डोळे मिटले.

पिवळी.

डॉक्टरांनी केतकीकडे बघितलं. माझं तोंड आपोआप उघडलं. डॉक्टरांचा हात वर झाला: तुम्ही नाही. मी ओठ चावले. स्टुलाखाली माझा उजवा पाय कुठल्याही गाडीचा नसलेला ब्रेक जीव खाऊन दाबत होता. मी तो उचलला. माझ्या सगळ्या आयुष्यात इतका जड पाय मी उचलला नसेल.

केतकीचे ओठ हलले. आवाज नाही. तिनं काचेवर हात ठेवला. पुन्हा ओठ हलले. ती भिंत, ते कपाट, त्यामागची अक्षरं, सगळं तिच्या आणि त्या नावाच्या मध्ये उभं होतं. मला दिसत होतं.

केशरी.

तेवढ्यात केतकी गर्रकन वळली आणि तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की सलोमीचा हात म्हणजे मोरपीस!

"आई गं!"

"रेवा!" केतकी ओरडली. "रेवा! ए रेवा! रेवा गं, ऊठ ना!"

एकदा बांध फुटल्यावर ती थांबेचना. रेवाची छाती वर आली, खाली गेली, वर आली. तिनं तोंड वाकडं केलं आणि झोपमोड केल्याबद्दल निषेधाचा एक बारीक सूर काढला. हिरवी. हृषीनं केतकीला मागून धरलं होतं. ती रडत होती, आणि रडता रडता नाव घेत होती, वेगवेगळ्या सुरांत, जणू दुकानात बांगड्या भरून बघतेय.

डॉक्टर निलोफर पडद्यावर वाकल्या. बोटानं रेघ मागं सरकवली. पुन्हा सरकवली.

"केतकी," त्या म्हणाल्या. "श्वास आधी सुरू झालाय."

"म्हणजे?"

"ही बघ छाती उचलायला लागली. आणि हा धपाट्याचा आवाज, नंतरचा. तू नाव घेतलंस ते त्याच्याही नंतर. तुझ्या हाकेची वाट नाही बघितली तिनं. तिचं तिलाच आठवलं."

आम्ही सगळे त्या रेघेकडे बघत राहिलो. एक छोटासा, वेडावाकडा चढ. कुणीही न शिकवलेला.

"म्हणजे मला उगाच मारलंस," मी पाठ चोळत म्हणाले.

"उगाच कसं?" केतकीनं नाक पुसलं. "फार दिवस राहिला होता तो, ताई." मग माझी पाठ तिनंच चोळली, दाबून, मायेनं, आणि कानाशी येऊन म्हणाली, "मुलाचं नाव घरी ठेवायचंय. ते मी ठेवणार आहे. पण पाठ तुमचीच लागेल."

"नाव कुणीही ठेवा," मी म्हणाले. "पाठ काय, आहेच."

"एवढी सकाळ अशीच काढली, की मी कागद तयार करते," डॉक्टर म्हणाल्या.

सलोमी पेटी आवरायला वळली, तेवढ्यात मागच्या ट्रेमधून थरथर ऐकू आली. वळताना सलोमीचं कोपर लागून झबलं चालू झालं होतं. आत बरगडी नाही, ठोका नाही, श्वास नाही; बिचाऱ्याला केवढी काळजी पडली असेल! रिकाम्या बाह्या हलवत ते ट्रेमध्ये जीव तोडून ओरडत होतं.

"कुर्रर्रर्र... रे... धप्प... आई गं... वा!"

आम्ही सगळ्यांनी दचकून रेवाकडे बघितलं.

तिनं कूस बदलली, आणि झोपून राहिली.